हँडल बदललं तरी पुन्हा सैल होतंय? दाराच्या पोटात बघा

तक्रार साधारण अशी असते. बेडरूमच्या दाराचं हँडल डुगडुगायला लागलं, स्क्रू आवळले, काही दिवस बरं चाललं, पुन्हा सैल. मग वैतागून नवं हँडल आणलं, आणि पावसाळा सरता सरता तेही त्याच वाटेला लागलं. दुकानदार म्हणतो, आधीचा माल हलका होता. सुतार म्हणतो, दारच जुनं झालंय. दोघांचंही थोडंफार खरं असतं, पण खरं कारण बहुतेकदा हँडलच्या मागे, दाराच्या पोटात असतं. ते न बघता पितळेचं भारी हँडल लावलं तरी फरक पडत नाही.

खाली धरलेलं दार म्हणजे फ्लॅटमधलं नेहमीचं ३० ते ३५ मिमी जाडीचं फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट दार. कडेला खाच पाडून बसवलेलं मॉर्टाइज लॉक आणि दोन्ही बाजूंना उभ्या पट्टीवरचं हँडल. गोल नॉबचं दार असेल तर त्याचा एक सापळा वेगळा आहे, तो पुढे येतो.

आधी दार उघडं ठेवून हँडल दाबा

दार सताड उघडा, खाली पाचर लावा आणि हँडल दाबून बघा. मग दार बंद करून तेच करा. उघड्या दारात हँडल लोण्यासारखं फिरतंय आणि बंद दारात जोर लागतोय, तर हँडलचा काही दोष नाही. दार खाली बसलंय किंवा फुगलंय. लॅचची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात अडकून घासतेय. रोज त्या अडकलेल्या जिभेवर जोर काढून काढून हँडलची मान तुटते, आणि आपण बदलतो मात्र हँडल.

उघड्या दारातही गडबड असेल, तर लक्षणं अशी ओळखायची:

हँडल पट्टीसकट हलतंय, म्हणजे स्क्रूंनी लाकूड सोडलंय. पट्टी घट्ट आहे पण हँडल पुढे-मागे सरकतंय किंवा हातात येतंय, म्हणजे ग्रब स्क्रू (हँडल सळीवर आवळून धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) ढिला झालाय, किंवा पट्टीच्या मागे हँडल धरून ठेवणारी रिंग निघालीय. हँडल फिरतंय पण जीभ आत जात नाही, म्हणजे लॉकमधून आरपार जाऊन दोन्ही हँडलं जोडणारी चौकोनी सळी सरकलीय, आखूड पडलीय, किंवा हँडलमधलं चौकोनी भोक गोलसर झालंय. जीभ नीट आत-बाहेर होते पण हँडल खाली लोंबतंय, म्हणजे स्प्रिंग थकलीय.

या शेवटच्या लक्षणावर सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. हँडलला परत वर आणणारी स्प्रिंग बऱ्याच साध्या हँडलांमध्ये नसतेच. ती लॉकच्या पेटीत असते. त्यामुळे लोंबणारं हँडल काढून दुसरं लावलं तर दुसरंही लोंबतं, आणि ते पहिल्यापेक्षा जड असेल तर जास्त लोंबतं. खात्री करायची तर दोन्ही हँडलं काढा, नुसती सळी लॉकमध्ये घाला आणि पक्कडीने फिरवून सोडा. सळी झटकन जागेवर आली तर लॉक ठीक आहे. आळसावल्यासारखी अर्ध्यात थांबली तर पेटी बदलायची वेळ आली. पेटी उघडून फक्त स्प्रिंग बदलता येते, पण तेवढी सुटी स्प्रिंग मिळवण्यात जी पायपीट होते तिच्यापेक्षा नवी पेटी परवडते.

स्क्रू लाकूड का सोडतात

३२ मिमीचं दार धरा. लॉकची पेटी साधारण १५ मिमी जाड असते आणि तिच्यासाठी १६ ते १७ मिमीची खाच पाडलेली असते. म्हणजे खाचेच्या दोन्ही बाजूंना उरलं ते जेमतेम साडेसात-आठ मिमी लाकूड. त्यातही वरचा प्लाय आणि सनमायका आलाच. हँडलची पट्टी नेमकी या पातळ जागेवर बसते. तिचे जे स्क्रू पेटीच्या समोर पडतात त्यांना धरायला आठ मिमीसुद्धा मिळत नाहीत, कारण स्क्रूचं टोक निमुळतं असतं आणि टोकाचे आटे काही कामाचे नसतात. त्यातून सुतार घाईत असेल तर खाच गरजेपेक्षा लांब-रुंद कापलेली असते. मग पट्टीच्या टोकाचे स्क्रूही पोकळीच्या काठावर येतात.

इथे बहुतेक जण लांब स्क्रू वापरतात, आणि तीच चूक पुढच्या बिघाडाला जन्म देते. पेटीच्या समोर २० मिमीचा स्क्रू मारला की त्याचं टोक पत्र्याच्या पेटीवर टेकतं. पेटी एका बाजूला ढकलली जाते, सळी तिरकी होते, हँडल जड चालतं. स्क्रू जोरात मारला असेल तर पेटीचा पत्रा आत दबून जीभच अडकते. नवं हँडल लावल्या लावल्या लॉक जड झालं असं वाटलं, तर एकेक स्क्रू अर्धा फेरा ढिला करून बघा. ज्या स्क्रूला लॉक सुटेल तो लांब आहे.

म्हणून नवी पट्टी लावण्याआधी एक काम करा. जुनी हँडलं, सळी आणि असेल तर सिलिंडर (चावी घालायचं सुटं नळकांडं) काढा, ते कसं हे पुढे ‘बसवताना’मध्ये आहे. मग दाराच्या कडेचे दोन स्क्रू काढून लॉकची पेटी बाहेर घ्या. तिची उंची आणि खोली दाराच्या सपाट अंगावर, हँडलच्या जागी, पेन्सिलीने आखा. त्यावर नवी पट्टी धरली की कुठली भोकं पेटीवर पडतात आणि कुठली भरीव लाकडावर, ते समोर दिसतं. पेटीवर पडणाऱ्या भोकांत पट्टीची जाडी धरून १० मिमीपेक्षा लांब स्क्रू नको. भरीव लाकडावरच्या भोकांत २० ते २५ मिमीचा ६ नंबरचा स्क्रू खुशाल घ्या. खरा भार त्यांनीच उचलायचाय.

पेटी बाहेर आहे तोवर ती खाचेत किती हलते तेही बघून घ्या. खाच सैल असेल तर पेटी हँडलबरोबर आत डुलते आणि पट्टीचे स्क्रू आतून उचकटत राहतात. सनमायकाच्या किंवा पातळ प्लायच्या पट्ट्या फेव्हिकॉल लावून खाचेच्या आतल्या भिंतींना चिकटवा. पेटी हाताच्या दाबाने आत जाईल इतपतच भरायचं. हातोडी लागली तर पट्टी कमी करा.

फाकलेली भोकं भरणं

आगपेटीची काडी खुपसून वर स्क्रू मारणं हा घरोघरी चालणारा उपाय वाईट नाही, अर्धवट आहे. काडी कोरडी घातली तर स्क्रू फिरताना तीही फिरते. भोक आधी झटकून भुसा काढा. मग बांबूच्या टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून, मावतील तेवढ्या दाबून भरा. फेव्हिकॉल साध्या कागदाच्या कामाचा नको, लाकडाचा घ्या. एक रात्र, शक्यतो २४ तास, तसंच सोडा. वर आलेल्या काड्या ब्लेडने सपाट कापा आणि ६ नंबरच्या स्क्रूसाठी २ मिमीच्या बिटने नवं भोक पाडा. ड्रिल नसेल तर बारीक खिळा ठोकून काढून घेतला तरी चालतं. बिटवर पाहिजे तेवढ्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे बिट पेटीपर्यंत जाणार नाही.

बाथरूमच्या दारात लाकूड ओलाव्याने भुसभुशीत झालेलं असतं, तिथे फेव्हिकॉल टिकत नाही. दोन गोळे मळून करायचं एम-सील वापरा, पण त्याआधी कुजलेलं लाकूड खरवडून काढा. ओल्या लाकडावर एम-सीलही धरत नाही. दोन-तीन दिवस बाथरूम वापराविना कोरडं ठेवणं घरात शक्य नसतं, तेव्हा निदान केस वाळवायच्या ड्रायरने ती जागा सुकवून घ्या.

दाराच्या आत भरीव लाकूडच नसेल, म्हणजे हलक्या पोकळ दारात लॉकपुरता ठोकळा बसवलेला असेल आणि तोही फुटला असेल, तर लाकडाच्या स्क्रूंचा नाद सोडा. आरपार बोल्ट घ्या. एका बाजूने नळी, दुसऱ्या बाजूने तिच्यात बसणारा ४ मिमीचा स्क्रू, असा जोड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दोन्ही पट्ट्या एकमेकींना धरतात, लाकडावर फक्त दाब येतो. आरपार भोक पाडताना पेन्सिलीची आखणी बघा. ते पेटीच्या वर किंवा खाली गेलं पाहिजे, पेटीतून नाही. भोक एका बाजूने अर्धं, दुसऱ्या बाजूने अर्धं पाडा. एकाच बाजूने रेटलं तर पलीकडचा सनमायका तडकून उडतो.

दुकानात जाताना

जुनं हँडल, सळी आणि स्क्रू पिशवीत घालून न्या. फोटोवरून आणलेलं हँडल परत करायच्या फेऱ्या होतात. मोजायचं ते हे: दाराची जाडी. पट्टीची लांबी आणि रुंदी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हँडलच्या सळीच्या मध्यापासून चावीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. आपल्याकडच्या सिलिंडर लॉकांत हे बहुधा ८५ मिमी असतं. जुन्या लॉकांत कमी असू शकतं, आणि युरोपातून किंवा आखातातून आलेल्या सामानात ७२ मिमीही सापडतं. १३ मिमीचा फरक कानस घासून भरून निघत नाही.

पट्टीवर ‘सीवाय’ लिहिलं असेल तर ती सिलिंडरसाठी, ‘केवाय’ असेल तर जुन्या पद्धतीच्या लांब चावीसाठी. चावीचं भोक नसलेली पट्टी बेबी लॅचसाठी, म्हणजे चावी नसलेल्या छोट्या लॉकसाठी. नवी पट्टी जुनीएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी घ्या. दिसायला नाजूक म्हणून लहान घेतली तर जुनी भोकं आणि पट्टीखालचा न विटलेला सनमायका कायमचा डोळ्यांत खुपतो.

धातूबद्दल. चमकदार क्रोमचं स्वस्त हँडल बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. तुटलेल्या जागी राखाडी, दाणेदार दिसलं की तेच. पिवळं दिसलं तर पितळ. लोहचुंबकाची परीक्षा इथे फसवते, कारण जस्तही चिकटत नाही, पितळही नाही आणि ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टीलही सहसा नाही. चिकटलं तर ते लोखंड किंवा हलकं स्टील, एवढंच त्यातून कळतं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत क्रोमखालचं जस्त फोड आल्यासारखं उमलतं. तिथे ३०४ स्टील किंवा पितळ घ्या. पुणे-नाशिककडे आतल्या खोल्यांना बरं जस्तही वर्षानुवर्षं चालतं, फक्त त्यावर ओले टॉवेल आणि दप्तरं टांगायची नाहीत. तुटलेली मान फेव्हिक्विकने जोडायचा खटाटोप करू नका. सगळा जोर त्याच जागी येतो.

सळी: लहान वस्तू, मोठा घोळ

सळी बहुतेक लॉकांत ८ मिमी चौरस असते. जुन्या किंवा स्थानिक बनावटीच्या लॉकांत ती बारीकही निघते. बारीक सळी ८ मिमीच्या भोकात घातली की हँडलला आठ-दहा अंशांची मोकळीक येते. लोक तिला ‘सैल हँडल’ म्हणतात आणि पट्टीचे स्क्रू आवळत बसतात.

लांबीचा हिशेब असा: दोन्ही बाजूंना सळी हँडलच्या आत कमीत कमी १५ मिमी गेली पाहिजे. पाच-सहा मिमीच गेली तर सगळा जोर भोकाच्या काठावर येऊन जस्ताचे कोपरे झिजतात, आणि काही महिन्यांत हँडल नुसतं गरगर फिरतं. उलट सळी लांब असेल तर दोन हँडलं तिच्या टोकांवर टेकतात आणि पट्ट्या दारापासून केसभर वर राहतात. मग लोक स्क्रू आवळून पट्टी बळेच टेकवतात, आणि स्क्रू उपटतात. दोन्ही हँडलं स्क्रूविना दाबून धरली असता पट्ट्या दाराला सपाट टेकल्या पाहिजेत. नसतील टेकत तर सळी हॅकसॉने २-३ मिमी कापा आणि कापलेलं टोक कानशीने साफ करा.

बसवताना

दार उघडंच ठेवा. हँडल दोन्ही बाजूंनी चालतंय हे पाहिल्याशिवाय ते बंद होऊ देऊ नका. वाऱ्याने धाडकन मिटलं आणि सळी बाहेर टेबलावर राहिली, तर आतला माणूस आतच अडकतो.

जुनी पट्टी काढण्याआधी तिच्या कडेने ब्लेड फिरवा. रंगाचे थर पट्टीला आणि दाराला एकत्र चिकटवून ठेवतात, आणि ओढली की रंगाचा पापुद्रा निघतो. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारा स्प्रे मारून १०-१५ मिनिटं थांबा. स्क्रूची खाच घसरत असेल तर पेचकसाच्या टोकाखाली रुंद रबरबँड ठेवून दाबून फिरवा. आतल्या बाजूला फिरवायचं बटण असलेलं सिलिंडर असेल, तर पट्टी त्यावरून निघत नाही, सिलिंडर काढावं लागतं. दाराच्या कडेला, सिलिंडरच्या रेषेत एक लांब ५ मिमीचा स्क्रू असतो. तो काढा, चावी घालून किंचित फिरवा आणि सिलिंडर ओढा. बाहेर येत नसेल तर चावी थोडी इकडे-तिकडे करत राहा. आतली जिभली सिलिंडरच्या अंगाशी सरळ आली की ते सुटतं. ठोकाठोकी नको.

आता सळी घाला, दोन्ही हँडलं चढवा, पट्ट्या हाताने दाबून धरा आणि स्क्रू तीन चतुर्थांश आत जातील एवढेच फिरवा, तेही हाताने. बॅटरीचा स्क्रू ड्रायव्हर इथे नको. आठ मिमी लाकडाचे आटे तो एका झटक्यात खातो. हँडल दाबून सोडा. ते आडवं, न घासता परत येत असेल तर वरचा स्क्रू, मग खालचा, असे आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि दर वेळी हँडल चालवून बघा. आवळता आवळता जड झालं, तर पट्टी सळीच्या मध्यावर नाही. स्क्रू ढिले करून पट्टी मिलिमीटरभर सरकवा.

ग्रब स्क्रू सगळ्यांत शेवटी. त्याचं टोक सळीच्या सपाट अंगावर टेकलं पाहिजे, कोपऱ्यावर टेकलं तर आज घट्ट आणि आठवड्याने ढिलं. ५ मिमीच्या ग्रब स्क्रूला २.५ मिमीची ॲलन की लागते, ६ मिमीच्याला ३ मिमीची. चुकून बारीक की घालून फिरवली तर षट्कोनी भोक गोल होतं आणि मग स्क्रू ड्रिलने काढायची पाळी. आट्यांवर निळ्या रंगाचा, पुन्हा सुटू शकणारा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) थेंबभर लावा. लाल घेऊ नका, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही. निळा नसेल तर नेलपॉलिशही काही काळ धरतं. मुख्य दाराला ग्रब स्क्रू बाहेरच्या हँडलवर समोर दिसेल असा ठेवू नये. तो आतल्या बाजूला किंवा खालून यावा.

चौकटीकडची बाजू

उघड्या-बंद दाराच्या चाचणीत दोष दाराकडे निघाला असेल तर जिभेच्या टोकाला खडू किंवा लिपस्टिक लावा आणि दार हळू लावा. चौकटीच्या पट्टीवर खूण कुठे उमटते ते बघा. भोकाच्या खालच्या काठावर उमटली तर दार लोंबलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू तपासा. चौकट लाकडी असेल तर त्यातला एक स्क्रू काढून ५० मिमीचा घातला की दार बऱ्याचदा पुन्हा वर येतं. एवढ्याने काम भागलं तर पट्टीला हात लावू नका.

खूण पुढच्या काठावर असेल आणि पावसाळा चालू असेल, तर दार फुगलंय. जुलैमध्ये रंधा मारायला सुतार बोलावू नका. आत्ता घट्ट वाटणारं दार डिसेंबरमध्ये सुकतं, आणि तेव्हा फट इतकी वाढते की जीभ भोकात पुरेशी जात नाही. चौकटीवरच्या पट्टीच्या भोकाचा काठ कानशीने १-२ मिमी घासा, तेवढ्याने पावसाळा निघतो. दाराची वरची आणि खालची कड बहुतेक ठिकाणी कोरीच सोडलेली असते आणि पाणी तिथूनच शोषलं जातं. उन्हाळ्यात दार उतरवून त्या दोन कडांना रंगाचे किंवा वॉर्निशचे दोन हात दिले, तर पुढच्या वर्षी फुगणं बरंच कमी होतं.

गोल नॉब काढून हँडल लावायचं असेल तर

गोल नॉबसाठी दारात ५४ मिमीचं गोल भोक असतं. हँडलची पट्टी बहुधा ४५-५० मिमी रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी भोकाच्या चंद्रकोरी उघड्या. एक तर ६५ मिमी किंवा त्याहून मोठी गोल चकती असलेलं हँडल घ्या, किंवा भोकात लाकडी गोल ठोकळा चिकटवून वरून रुंद पट्टी लावा. जुना नॉब काढताना आतल्या नॉबच्या मानेत एक बारीक छिद्र शोधा. त्यात टाचणी दाबून नॉब ओढला की तो निघतो, चकती उचकटली की आत दोन लांब स्क्रू दिसतात.

तेलाबद्दल

लॉक जड झालं की घरात खोबरेल तेलाची बाटली आधी हाताला लागते. ते घालू नका. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे थंडीच्या सकाळी लॉक आणखी जड होतं, आणि धूळ धरून काळा चिकटा होतो तो वेगळाच. पेटीत, जिभेच्या बाजूने, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. चावीच्या भोकात मात्र तेल कुठलंच नको. मऊ पेन्सिलीचं शिसं चावीच्या दातांवर घासा आणि चावी पाच-सहा वेळा आत-बाहेर करा.